कायमच्या वसंताचं अंगण

अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून मिनेसोटा हे राज्य आहे. तिथला हिवाळा एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश उतरतो, तळी इतकी घट्ट गोठतात की त्यांवरून मोटारी जातात. उन्हाळ्यात तोच पारा पस्तिशीकडे चढतो आणि घामाच्या धारा लागतात. मिनिॲपोलिस हे या राज्यातलं मोठं शहर. तिथे माणसाला निवांत पायी हिंडत खरेदी करता यावी असे दिवस वर्षात किती, याचा हिशेब १९५०च्या दशकात बाहेरून आलेल्या एका वास्तुविशारदाने मांडला. उत्तर आलं १२६. मग वर्षाच्या उरलेल्या दिवसांचं काय, हे कोडं त्याला एका मोठ्या दुकानदार घराण्याने घातलं होतं.

त्या कोड्याचं उत्तर ८ ऑक्टोबर १९५६ रोजी, सोमवारी, मिनिॲपोलिसच्या इडायना या उपनगरात लोकांसाठी खुलं झालं. नाव साउथडेल सेंटर. खर्च दोन कोटी डॉलर, दोन मजले, ७२ दुकानं, सुमारे ५,२०० मोटारींचा वाहनतळ. पहिल्याच दिवशी ७५ हजारांच्या आसपास माणसं लोटली. आत बाराही महिने एकच हवा, अंगावर कोट ठेवायची गरज नाही. मधोमध एक प्रचंड अंगण होतं आणि त्यावर काही मजले उंचीचं, उजेड आत घेणारं छप्पर. अंगणात झाडं, फुलं, माशांचं कुंड, रंगीत पक्ष्यांचा उंच पिंजरा, बसायला बाकं, कॉफीची टेबलं, आणि हॅरी बर्तोया या शिल्पकाराची धातूची सोनेरी झाडं. या अंगणाला ‘कायमच्या वसंताचं अंगण’ असं नाव दिलं होतं.

पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित असा अमेरिकेतला हा पहिला उपनगरी मॉल. पुढे जगभर जे मॉल उभे राहिले, त्यांचा आराखडा पाहिला की हीच इमारत पुन्हा पुन्हा भेटते. मुंबई-ठाण्यात आणि पुण्यात आज पंचविशीत असलेल्या मुलामुलींना मॉलशिवायचं शहर आठवतच नाही. त्यांच्यासाठी मॉल ही वडाच्या झाडासारखी आपोआप उगवलेली गोष्ट आहे. म्हणून ती कुणी, कशासाठी, कोणत्या आशेने बांधली आणि त्या आशेचं पुढे काय झालं, हे सविस्तर सांगावंसं वाटतं.

*

त्या वास्तुविशारदाचं नाव व्हिक्टर ग्रुएन. १९०३ साली व्हिएन्नातल्या एका ज्यू कुटुंबात जन्मला, तेव्हा आडनाव ग्रूनबाउम होतं. वास्तुकलेचं शिक्षण तिथेच झालं. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी राजकीय कॅबरे असा त्याचा तरुणपणीचा क्रम होता. समाजवादी मित्रांच्या मंडळीत तो प्रहसनं लिहायचा, स्वतः रंगमंचावर उभा राहायचा, हिटलरच्या पक्षाची टर उडवायचा. १९३८च्या मार्चमध्ये नाझी फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि त्याला देश सोडण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. नाझी गणवेश चढवलेल्या एका मित्राने त्याला विमानतळावर पोचवलं अशी हकीगत सांगितली जाते. न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिशात आठ डॉलर होते आणि इंग्रजी येत नव्हतं.

न्यूयॉर्कमध्ये त्याला पहिलं नाव मिळालं ते एका दुकानाच्या दर्शनी भागामुळे. १९३९ साली फिफ्थ ॲव्हेन्यूवर लेडरर या चामडी वस्तूंच्या दुकानाचं काम त्याने केलं. पदपथाला लागून काच लावायची आणि आत दुकान, ही तिथली रीत. ग्रुएनने दार आत सरकवलं आणि पुढे एक लहानशी ओसरी तयार केली. तिथे काचेच्या पेट्यांत वस्तू मांडल्या, प्रकाश वर-खालून सोडला. रस्त्यावरून जाणारा माणूस नकळत ओसरीत शिरायचा, थबकायचा, आणि थबकलेला माणूस दुकानात जायचा. रंगभूमीवरचा माणूसच असा विचार करू शकतो असं मला वाटतं. प्रेक्षकाची नजर कुठून कुठे न्यायची हे कॅबरेने त्याला शिकवलं होतं.

खरेदीला एका वस्तूसाठी आलेला माणूस वातावरणात गुंगून जातो आणि काय घ्यायला आलो होतो हे विसरून हिंडत राहतो. व्यापारशास्त्रात या गुंगीला पुढे ‘ग्रुएन परिणाम’ हेच नाव पडलं. ज्या माणसाचं नाव त्याला चिकटलं, त्याला मात्र आपण माणसांना गुंगवतोय असं वाटत नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर व्हिएन्ना होतं. कॉफीघरं, चौक, पायी फिरणारी गर्दी, ओळखीच्या माणसांशी अचानक होणाऱ्या गाठीभेटी. अमेरिकेत तो लॉस एंजेलिसला राहायला गेला तेव्हा त्याला याच्या अगदी उलट चित्र दिसलं. मैलोनमैल पसरलेल्या घरांच्या रांगा, प्रत्येक घरापुढे मोटार, दुकानं महामार्गाच्या कडेने लांबच लांब सुटी सुटी उभी. पायी जाऊन कुणाला भेटावं अशी जागाच नाही. दिवसभर घरी असलेल्या बाईला तर घर आणि मोटार यांच्या पलीकडे जगच उरलं नव्हतं. ही त्याची तळमळ खरी होती. त्याच्या लेखांतून ती सतत डोकावते. १९४३ सालीच त्याने एल्सी क्रुमेक या सहकारी स्त्रीबरोबर एका वास्तुकलेच्या मासिकासाठी युद्धानंतरच्या खरेदीकेंद्राची कल्पना मांडली होती.

त्या कल्पनेला मोठा आश्रय दिला तो डेट्रॉइटच्या हडसन या दुकानाने. तिथे १९५४ साली ‘नॉर्थलँड’ उघडलं. एक मोठं दुकान मधोमध, भोवती छोटी दुकानं, मध्ये बागा आणि कारंजी, सारं उघड्या आभाळाखाली. ते तुफान चाललं. पण मिनेसोटात उघडं आभाळ चालणार नव्हतं.

*

मिनिॲपोलिसचं डेटन हे घराणं शहराच्या मध्यभागी, निकोलेट ॲव्हेन्यूवर मोठं दुकान चालवायचं. युद्धानंतर गिऱ्हाईक उपनगरांकडे सरकतंय हे या घरातल्या भावांनी ओळखलं. त्यांनी इडायनात तब्बल ४६३ एकर जमीन घेतली आणि १९५२ साली प्रकल्प जाहीर केला.

ग्रुएनच्या कल्पकतेचा खरा पैलू इथे दिसतो. छप्पर ही त्यातली एकच गोष्ट. त्याआधीची खरेदीकेंद्रं पसरट होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालून पाय दुखायचे. ग्रुएनने दुकानं दोन मजल्यांवर एकमेकांसमोर आणली. दुसरा मजला ओस पडतो ही व्यापाऱ्यांची जुनी भीती. त्यावर त्याने वाहनतळाची जमीनच उताराची केली. काही मोटारी खालच्या मजल्याच्या पातळीला लागत, काही वरच्या, त्यामुळे कोणत्या मजल्याला तळमजला म्हणायचं हा प्रश्नच उरला नाही. मधले सरकते जिने, अंगणातून दोन्ही मजल्यांवरची दुकानं एका नजरेत दिसणं, हे सगळं त्याला जोडून आलं. आत थंडी-वारा नसल्यामुळे दुकानांना जाड दारांची गरज राहिली नाही, दर्शनी भाग सताड उघडे ठेवता आले. आणि आत एवढं सगळं आल्यावर बाहेरच्या बाजूला खिडकीची गरज उरली नाही. बाहेरून साउथडेल म्हणजे सपाट भिंती. आपल्याकडच्या कितीतरी मॉलच्या आंधळ्या भिंती पाहताना मला याच निर्णयाची आठवण होते. रस्त्याकडे पाठ फिरवून बसलेली इमारत ही साउथडेलची देणगी आहे.

दुसरा निर्णय डेटन मंडळींचा, आणि तो धाडसी होता. त्यांनी आपल्याच छपराखाली डोनाल्डसन या आपल्या प्रतिस्पर्ध्याला जागा दिली. दोन टोकांना दोन बडी दुकानं, मध्ये लहान दुकानांची रांग, म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाणारं गिऱ्हाईक मधल्या प्रत्येक दारावरून जाणार. आजही मॉलवाले सिनेमागृह एका कोपऱ्यात आणि मोठं कपड्यांचं दुकान दुसऱ्या कोपऱ्यात ठेवतात, त्यामागे हाच हिशेब असतो. सुरुवातीच्या दुकानांत वूलवर्थ होतं, किराण्याचं मोठं दुकान होतं. मिनिॲपोलिसच्या सिंफनी वाद्यवृंदासाठी भरणारे नृत्यसोहळे पुढे याच अंगणात रंगले. लोक तिथे नुसते बसायलाही येत.

वृत्तपत्रांनी आणि मासिकांनी साउथडेलला डोक्यावर घेतलं. एक आवाज वेगळा होता, तो फ्रँक लॉइड राइट यांचा. नव्वदीला टेकलेले हे थोर वास्तुविशारद उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत तिथे आले आणि अंगणावर कडाडून टीका करून गेले. गावातल्या रस्त्याचे सगळे दोष यात आहेत आणि गोडवा कशाचाच नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता; शहराचा मध्य शहरातच राहू द्यायला हवा होता, असंही ते म्हणाले. तेव्हा ती म्हाताऱ्याची कुरकुर वाटली असेल.

*

ग्रुएनचा मूळ आराखडा मॉलपुरता नव्हताच. ४६३ एकरांवर त्याला एक गाव वसवायचं होतं. घरं, सदनिका, कचेऱ्या, शाळा, दवाखान्यांचं संकुल, बाग, तळं, आणि या सगळ्याच्या मधोमध साउथडेल. मॉल हा त्या गावाचा चौक होणार होता. पण मॉल उघडला आणि भोवतालच्या जमिनीचे भाव चढले. भाव चढले की जमीन विकली जाते. जे घेणार त्यांना ग्रुएनच्या आराखड्याशी देणंघेणं नव्हतं. १९६५ साली जवळच एक रुग्णालय झालं, बाकी इमारती सुट्या सुट्या उभ्या राहिल्या, प्रत्येकीभोवती तिचा तिचा वाहनतळ. ज्या विखुरलेपणावर औषध म्हणून साउथडेल बांधलं, तेच त्याच्या भोवती साचलं.

याला नुसता डेटनचा लोभ कारण नव्हता. १९५४ साली अमेरिकेच्या करकायद्यात एक बदल झाला. नवी व्यापारी इमारत बांधणाऱ्याला तिचा घसारा सुरुवातीच्या काही वर्षांतच झपाट्याने दाखवण्याची मुभा मिळाली. कागदावर तोटा, हातात पैसा. जुन्या इमारतीची डागडुजी करण्यापेक्षा मोकळ्या माळावर नवी इमारत बांधणं फायद्याचं झालं. टॉमस हॅन्चेट या इतिहासकाराने हा धागा नीट उलगडून दाखवला आहे, आणि मला तो निर्णायक वाटतो. मॉलची लाट केवळ गिऱ्हाइकांच्या आवडीने उसळली असती तर इतकी उंच गेली नसती. साउथडेल उघडलं त्याच वर्षी, जूनमध्ये, आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि सरकारी पैशाने रस्ते उपनगरांकडे धावू लागले.

त्या रस्त्यांच्या वाटेत कुणाची घरं होती हेही सांगायला हवं. शेजारच्या सेंट पॉल शहरात राँडो नावाची कृष्णवर्णीयांची जुनी, नांदती वस्ती होती. तिच्यावरून महामार्ग गेला. शेकडो घरं आणि धंदे उठले. आणि इडायनात काय होतं? तिथल्या कंट्री क्लब वसाहतीत १९२० च्या दशकातच खरेदीखतांत अट घातलेली होती, की हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकता वा भाड्याने देता येणार नाही. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांमार्फत करता येणार नाही असा निकाल दिला, तरी गावाचा रंग लगेच पालटला नाही. साउथडेलच्या अंगणात सर्वांना प्रवेश होता, पण ते अशा गावात होतं जिथे सर्वांना घर मिळत नव्हतं. ग्रुएन स्वतः वंशद्वेषातून जीव वाचवून आलेला माणूस. हा विरोधाभास मला त्याच्या साऱ्या कहाणीत सर्वांत जास्त बोचतो.

डेटन मंडळींची भरभराट होत गेली. १९६२ साली त्यांनी स्वस्त दुकानांची नवी साखळी काढली, तिचं नाव टार्गेट. आज कंपनीचंही तेच नाव आहे. १९६६ साली त्यांचं बी. डाल्टन हे पुस्तकांचं पहिलं दुकान साउथडेलमध्येच उघडलं. ती साखळी पुढे देशभर पसरली. शहराचा मध्यभाग मात्र गिऱ्हाइकांना मुकत चालला. त्याने वाचण्यासाठी मॉलचीच नक्कल केली. १९६२ पासून मिनिॲपोलिसमध्ये इमारती एकमेकींना बंदिस्त पुलांनी जोडायला सुरुवात झाली, हिवाळ्यात कोट न घालता कचेरीतून दुकानात जाता यावं म्हणून. १९६७ साली निकोलेट ॲव्हेन्यू मोटारींना बंद करून पादचाऱ्यांचा केला. तरी त्या रस्त्यावरचं डेटनचं जुनं दुकान, मधल्या काळात दोनदा नावं बदलून, २०१७ साली बंद झालंच.

*

ग्रुएनला हे दिसत होतं. १९५६ सालीच त्याने टेक्सासमधल्या फोर्ट वर्थसाठी एक योजना केली होती. शहराच्या मध्यभागाभोवती रिंगरोड, त्यावर मोठे वाहनतळ, आत फक्त पायी चालणारे. मोटारींच्या विरोधकांनीच नव्हे तर जेन जेकब्जसारख्या नगररचनेच्या कठोर टीकाकारानेही ती वाखाणली. ती कागदावरच राहिली. मॉल मात्र मागेल तितके मिळत होते, कारण त्यात एकाच मालकाशी बोलणी करायची असत. शहराला मालक हजार असतात.

१९६८ साली तो व्हिएन्नाला कायमचा परतला. तिथे जुन्या शहरातून मोटारी हटवण्यासाठी त्याने आपलं वजन खर्च केलं. केर्टनर श्ट्रासे हा तिथला प्रसिद्ध रस्ता १९७४ साली पादचाऱ्यांचा झाला. आणि १९७६ साली, व्हिएन्नाच्याच दक्षिणेला, एक भलंमोठं उपनगरी खरेदीकेंद्र उघडलं. आपल्या जन्मगावाच्या जुन्या दुकानांच्या मुळावर आपणच घडवलेला आकृतिबंध आला, हे त्याला आयुष्याच्या शेवटी पाहावं लागलं. १९७८ साली लंडनमध्ये बोलताना त्याने जगभरच्या मॉलचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं. १९८० साली तो गेला.

अमेरिकेत तोवर मॉल शेकड्यांनी झाले होते. साउथडेलला खरा धक्का १९९२ साली बसला. काही मैलांवर, ब्लूमिंग्टनमध्ये, जुन्या क्रीडासंकुलाच्या जागी ‘मॉल ऑफ अमेरिका’ आला, आत अख्खी करमणूक-नगरी घेऊन. पुढे घरबसल्या खरेदीचा काळ आला. २००७ साली अमेरिकेत एकही नवा बंदिस्त मॉल उघडला नाही, पन्नास वर्षांत असं प्रथमच घडलं. ग्रुएनचं नॉर्थलँड २०१५ साली बंद झालं.

*

आपल्याकडे मॉल आला तो या लाटेचा कळस ओसरत असताना. मुंबईत १९९९ साली हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडला, तेव्हा गर्दी आवरेना म्हणून दारावर अट घातली गेली. मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरा. त्या काळी मोबाइल किती जणांकडे होता! ती अट टिकली नाही, आणि टिकली नाही हे फार चांगलं झालं. पण सार्वजनिक वाटणारी जागा मुळात खाजगी असते, आत कोण येणार हे दारावरचा माणूस ठरवू शकतो, हे मुंबईकरांना तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

मग २००४ च्या सुमारास मालाड, अंधेरी, मुलुंड अशी उपनगरांत रांग लागली. गोरेगावात औषधकंपनीच्या जागेवर निवासी संकुल आणि मॉल आला. कारखाने हलले, जमिनी मोकळ्या झाल्या, आणि त्या जमिनींचं काय करायचं याचं तयार उत्तर परदेशातून आलेलंच होतं. इथे एक फरक मात्र मुळातला आहे. अमेरिकेचं उपनगर मोटारीने वसवलं, त्याला मध्य नव्हता. आपली उपनगरं रेल्वेने वसवली. दादर, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कुठेही उतरा, स्टेशनाच्या जिन्याखालीच भाजीवाले, फुलवाले, भांड्यांची दुकानं, वडापावच्या गाड्या. चौक आधीपासून आहे, आणि तो ओसंडून वाहतो. ग्रुएनला जे निर्माण करायचं होतं ते आपल्याकडे फुकटात होतं. तरीही लोक मॉलमध्ये गेले, कारण स्टेशनाबाहेर बसायला बाक नाही, स्वच्छ स्वच्छतागृह नाही, म्हाताऱ्या माणसाला पाय ठेवायला पदपथ नाही, आणि मुलींना कुणी न टोकता तास-दोन तास मैत्रिणींबरोबर बसता येईल अशी जागा नाही. या साध्या गोष्टी नगरपालिकेने द्यायच्या असतात. त्या मॉलने दिल्या, आणि गर्दी तिकडे गेली. याबद्दल मला लोकांना दोष द्यावासा वाटत नाही.

आपल्या कितीतरी मॉलनी साउथडेलचा एक धडा घेतलाच नाही. साउथडेलचा मालक एक होता. कुठलं दुकान कुठे, रात्री दिवे किती वाजता मालवायचे, अंगण कोण झाडणार, हे एकाच ठिकाणी ठरायचं. आपल्याकडे अनेक विकासकांनी गाळे सुटे सुटे विकून टाकले. पैसा लवकर हाती आला, पण मग मॉलला धनीच उरला नाही. निम्मे गाळे गुंतवणूकदारांनी कुलूप लावून ठेवलेले, देखभालीच्या खर्चावरून भांडणं, सरकते जिने बंद. भांडुपचा ड्रीम्स मॉल याचं सर्वांत दुःखद उदाहरण. गाळेधारकांच्या आणि व्यवस्थापनाच्या वादांत ही इमारत कोमेजत गेली होती, तरी कोविडच्या काळात तिच्याच वरच्या मजल्यावर रुग्णालय चालू होतं. २०२१ च्या मार्चमध्ये रात्री मॉलला आग लागली आणि रुग्णांचे जीव गेले. मॉल ही नुसती इमारत नसते, ती रोज चालवावी लागते. ज्यांनी विकून हात झटकले त्यांना याचा जाब विचारला गेला पाहिजे.

नवी मुंबईत सीवूड्सला वेगळा प्रयोग झाला. तिथला मॉल २०१७ पासून रेल्वेस्थानकाच्या वरच उभा आहे. फलाटावरून जिना चढलं की दुकानं. ग्रुएनला मोटार वगळून मॉल कल्पिता आला नव्हता, तो इथे लोकलगाडीने कल्पिला. भिंती मात्र इथेही आतच पाहतात.

साउथडेल अजून चालू आहे. मालक बदलले, बडी दुकानं आली-गेली. पण २०१४ च्या सुमारास त्याच्या वाहनतळाचा एक तुकडा कापून सदनिका बांधल्या. २०१९ च्या डिसेंबरमध्ये एका बंद पडलेल्या मोठ्या दुकानाच्या जागी तीन मजली व्यायामकेंद्र आलं, त्यात लोकांना बसून काम करायला टेबलंही आहेत. थोड्या अंतरावर, जुन्या खडीच्या खाणीत, तळं आणि त्याभोवती चालायची वाट याआधीच झाली आहे. इडायनाच्या नगरपालिकेने या सगळ्या परिसरासाठी नवा आराखडा केला असून त्यात मोठमोठे भूखंड पायी चालता येतील अशा लहान चौकोनांत मोडायचे आहेत. घरं, दवाखाना, तळं, बाग, पायवाटा: ग्रुएनच्या यादीतली बरीच कलमं आता एकेक करून त्या जागी येताहेत. आणणारे वेगवेगळे आहेत, कारणंही वेगवेगळी आहेत. कुणाला भाडं हवं आहे, कुणाला कर, कुणाला संध्याकाळी फिरायला जागा. वाहनतळाचा बराच भाग अजून डांबराचाच आहे, आणि त्यातल्या पुढच्या तुकड्यांवर काय बांधायचं याची चर्चा तिथल्या नगरसभेत होत असते.